सोसायटीचा निनावी सर्व्हे: गूगल फॉर्म, टोकन की ब्लाइंड सिग्नेचर?

ठाण्याच्या नौपाड्यात जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंटची चर्चा, आणि सभेत कोणी तोंड उघडत नाही म्हणून कुणीतरी म्हणतंच की नाव न घेता ऑनलाइन सर्व्हे घेऊया. (बिल्डरची अधिकृत निवड सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खाली सभेतच होते, हा सर्व्हे फक्त लोकांच्या मनातलं कळावं म्हणून.) पण नावच नसेल तर एकाच घरातून चार फॉर्म आले हे कळणार कसं?

गूगल फॉर्म सगळ्यात सोपा, ईमेल गोळा करणं बंद ठेवलं की कोणी काय भरलं ते कमिटीला दिसत नाही. ‘एकदाच उत्तर’ लावलं तर लॉगिन लागतं, पण दोन जीमेलवाला दोनदा भरतोच, आणि लिंक फिरत फिरत बिल्डरच्या माणसाकडेही जाते. गणपतीचा मेनू ठरवायला ठीक.

लाइमसर्व्हे या सर्व्हे घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फ्लॅटला वेगळं टोकन म्हणजे कोड, एका टोकनवर एकच उत्तर, त्यामुळे बाहेरचा घुसत नाही. उत्तरं निनावी करायची सेटिंगही आहे, फक्त सर्व्हर ज्याच्या हातात त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. आज एकच फॉर्म आला आणि यादीत फ्लॅट 302 वर टिक पडली, की तो कोणाचा ते त्याला कळलंच.

ब्लाइंड सिग्नेचरमध्ये तो विश्वासच लागत नाही. क्रिप्टोग्राफर डेव्हिड चाउमची 1982 ची कल्पना: आत कार्बन लावलेलं बंद पाकीट, कमिटी फ्लॅट तपासून वरून सही करते, सही आतल्या कागदावर उमटते पण कागद दिसत नाही. इथे कागद म्हणजे तुमच्या मोबाईलने बनवलेला मोठा रँडम नंबर, नंतर तो नंबर, सही आणि उत्तर निनावी पाठवायचं, तोच नंबर परत आला तर बाद. आरएफसी 9474 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ती पद्धत 2023 मध्ये नीट लिहून आलीय, त्यामुळे गणित स्वतः लिहायला बसू नका. सह्या आधी आठवडाभर वाटा आणि उत्तरं नंतर घ्या, नाहीतर वेळेवरून आणि आयपीवरून (इंटरनेट कनेक्शनच्या पत्त्यावरून) माणूस ओळखू येतो. अजून एक भोक आहे, सही करणारा स्वतःसाठी जादा सह्या बनवू शकतो, म्हणून कुठल्या फ्लॅटने सही घेतली ती यादी नोटीस बोर्डवर लावाच, आणि उत्तरं त्याहून जास्त आली तर सर्व्हे रद्द.

माझं मत, भांडण फक्त डबल फॉर्मचं असेल तर लाइमसर्व्हे, सर्व्हर सोसायटीबाहेरच्या माणसाकडे. सेक्रेटरीचीच भीती असेल तर मात्र ब्लाइंड सिग्नेचर, कटकट आहे पण या तिघांत दुसरा उपाय नाही. आणि काहीही घ्या, फॉर्ममध्ये विंग, मजला, बीएचके विचारू नका, चार घरांच्या मजल्यावर माणूस ओळखायला तेवढं पुरतं.