केनदीद की बोकोर उस्मान? लघुप्रबंधासाठी कोणता सुलतान घ्यावा

वसाहतकाळातल्या करारांवर लिहायचं ठरवून सोमालियाकडे वळलात, की दोन नावं समोर येतात: होब्योचा सुलतान युसुफ अली केनदीद आणि मजेर्तीनचा बोकोर, म्हणजे राजा, उस्मान महमूद. दोघांत भाऊबंदकी. दोघांनीही इटलीचं संरक्षण पत्करलं, केनदीदने 1888 च्या अखेरीस, उस्मानने 1889 मध्ये. शस्त्रं आणि वार्षिक तनखा सुलतानाला, त्याबदल्यात इटलीला सवलती, आणि अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही, असा सौदा.

केनदीदची गोष्ट हाताळायला सोपी. त्याला इटली हवी होती ती उस्मानला शह द्यायला, शिवाय वॉरशेखच्या उत्तरेकडच्या प्रदेशावरून झांझिबारच्या सुलतानाशीही तंटा होताच. मग 1903 उजाडलं. परकीय सत्तांशी लढणाऱ्या दरवेशांचा नेता सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन याच्यावर चाल करायला ब्रिटिश फौज होब्योला उतरवायची होती. इटली राजी, केनदीद आडवा आला. इटलीने त्याला आणि वारसदार अली युसुफला आधी एडनला, म्हणजे आजच्या येमेनमधल्या ब्रिटिश बंदरात, नंतर इरिट्रियातल्या असाबला हद्दपार केलं. 'ढवळाढवळ नाही' या कलमाची किंमत तिथे कळते. हातात एकच सत्र असेल, तर हा प्रसंग घ्या.

मी स्वतः मात्र उस्मान निवडेन. त्याचं राजकारण जास्त गुंतागुंतीचं आणि फार जवळून वाचावं असं आहे. सोमालियाच्या ईशान्य टोकाला, ग्वार्डाफुईच्या भूशिरावर, जहाजं सारखी फुटत. खलाशांना वाचवावं, माल लुटू देऊ नये, म्हणून इंग्रजांनी 1884 मध्ये त्याला वार्षिक रक्कम देऊ केली, पण करारावर शिक्कामोर्तब टाळलं. शिक्कामोर्तब केलं तर इतर सत्तांनाही सोमालींशी करार करायला वाट मिळेल, ही धास्ती. म्हणजे इटलीशी करार करण्याआधीच उस्मान दुसऱ्या दाराशी बोलून आला होता. त्या भूशिरावर इटलीचं दीपगृह उभं राहायला 1924 साल लागलं.

शेवट दोघांच्याही राज्यांचा एकाच इटालियन गव्हर्नरच्या, दे वेक्कीच्या हातून झाला: होब्यो 1925 मध्ये, मजेर्तीन 1927 मध्ये, तेही दीर्घ लढाईनंतर.

साधनांचाही विचार करा. सोमाली किनाऱ्याशी इंग्रजांचे व्यवहार एडनहून चालत, आणि एडन 1839 ते 1932 मुंबई इलाख्याखाली होतं. त्यामुळे उस्मानच्या इंग्रजांशी झालेल्या व्यवहाराचा शोध मुंबईच्या पुराभिलेखागारातून सुरू करता येईल. केनदीदसाठी इटालियन वाचता यायलाच हवं.