रजिस्टर खरे सांगणारा डीबगर: तीन कर्नलांवर एलएलडीबी

एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पातला एलएलडीबी हा डीबगर, म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून त्याच्या आत डोकावू देणारे साधन, मी लिनक्स, फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी या तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर एव्हीएक्स सूचनांनी (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसर-सूचनांनी) लिहिलेला कोड तपासण्यासाठी वापरतो आणि त्याला एकच कसोटी लावतो: प्रोसेसरच्या रजिस्टरात, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या साठवण-जागेत, जे आहे तेच तो पडद्यावर दाखवतो का? रजिस्टरच चुकीचे दिसले, तर माणूस स्वतःच्या निर्दोष कोडमध्ये दोष शोधत अख्खा दिवस घालवतो.

माझी चाचणी साधी आहे. मेमरीत ० ते ३१ असे ३२ बाइट मांडून ते वायएमएम० या २५६ बिटांच्या व्हेक्टर रजिस्टरात भरायचे, लगेच पुढे आयएनटी३ ही प्रोग्रॅम थांबवणारी सूचना ठेवायची आणि प्रोग्रॅम तिथे थांबला की ‘रजिस्टर रीड’ करायचे. बाइट क्रमाने दिसले की ‘रजिस्टर राइट’ने तेच उलट्या क्रमाने लिहायचे आणि मग ते प्रोग्रॅमलाच मेमरीत परत टाकू द्यायचे; कारण डीबगरने लिहिलेले डीबगरनेच वाचून दाखवले, तर ते प्रोसेसरपर्यंत पोहोचल्याचा तो पुरावा होत नाही. तिन्हीकडे ही चाचणी माझ्याकडे नीट उतरली.

हे वाटते तितके सोपे काम नाही. या रजिस्टराचा खालचा १२८ बिटांचा भाग एक्ससेव्ह क्षेत्रात (रजिस्टरांची स्थिती मेमरीत साठवण्याच्या जागेत) १६०व्या बाइटपासून, तर वरचा भाग सहसा ५७६व्या बाइटपासून असतो आणि दोन्ही सांधणे डीबगरच्या माथी येते. त्यात लिनक्स आणि फ्रीबीएसडी पीट्रेसच्या (दुसरा प्रोग्रॅम तपासू देणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) वेगवेगळ्या मागण्यांना हे क्षेत्र कच्चेच देतात, तर नेटबीएसडी त्याचे भाग आधीच वेगळे करून देतो. एलएलडीबीच्या २०२१ मधील १२व्या आवृत्तीपासून फ्रीबीएसडीही एलएलडीबी-सर्व्हरच्या (तपासायचा प्रोग्रॅम हाताळणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमच्या) वाटेने चालू लागला आणि वापरणाऱ्याला तिन्हीकडे एकच आज्ञा पुरू लागली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

एक्स८७च्या (प्रोसेसरमधल्या जुन्या दशांश गणित-विभागाच्या) टॅग वर्डवर, म्हणजे त्याच्या आठ रजिस्टरांत काय आहे ते सांगणाऱ्या शब्दावर, झालेले काम तर मन लावून केलेले दिसते. मूळ शब्द १६ बिटांचा, प्रत्येक रजिस्टराला दोन बिटे. एफएक्ससेव्ह ही स्थिती साठवणारी सूचना मात्र त्याची आठच बिटे ठेवते, रजिस्टर भरलेले की रिकामे एवढेच सांगणारे. एलएलडीबी पूर्वी हेच आखूड रूप दाखवत असे, आता तो पूर्ण शब्द उभा करतो. त्यासाठी रजिस्टरांतली मूल्ये तपासावी लागतातच. शिवाय टॅग प्रत्यक्ष रजिस्टरांच्या क्रमाने आणि मूल्ये स्टॅकच्या क्रमाने साठवलेली असल्यामुळे एक्स८७च्या स्टेटस वर्डमधून (स्थिती नोंदवणाऱ्या शब्दातून) स्टॅकचा माथा काढून दोघांचा मेळ घालावा लागतो.

नेटबीएसडीवर हार्डवेअर वॉचपॉइंट (मेमरीतली ठरावीक जागा वापरली गेली की प्रोग्रॅम थांबवणारी खूण) लावायचा असेल, तर सामान्य वापरकर्त्याला डीबग रजिस्टरे बदलण्याची मुभा सिसकंट्रोल या कर्नलच्या सेटिंगमधून आधी द्यावी लागते. हे माहीत नसेल तर नवखा माणूस अडून बसतो.

माझी खरी तक्रार मांडणीची आहे. जीडीबी हा दुसरा डीबगर व्हेक्टर रजिस्टर एकाच वेळी पूर्णांक आणि दशांश अशा अनेक रूपांत दाखवतो, तर एलएलडीबी नुसते बाइट पुढे ठेवतो. वायएमएममधले आठ दशांश आकडे पाहायला प्रत्येक वेळी ‘फ्लोट३२’चा फॉरमॅट टाइप करावा लागतो. इतक्या कष्टाने अचूक केलेली मूल्ये अशी न वाचता येण्याजोग्या रूपात समोर यावीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.