ब्रेमरहाफेनचं क्लिमाहाउस: भूगोल शिकवणाऱ्यांनी जरूर बघावं

उत्तर जर्मनीत मुलाबाळांकडे येणाऱ्या आईवडिलांनी एक दिवस ब्रेमरहाफेनच्या क्लिमाहाउससाठी, म्हणजे हवामानावरच्या संग्रहालयासाठी, राखून ठेवावा. वेझर नदीच्या मुखाशी, बंदराला लागून, २००९ साली हे सुरू झालं. ब्रेमरहाफेनजवळून जाणारं ८ अंश पूर्व रेखावृत्त धरून दक्षिणेला निघायचं, अंटार्क्टिकाहून पलीकडच्या बाजूने वर यायचं आणि पृथ्वीला वळसा घालून परत, अशी इथली वाट आहे. स्वित्झर्लंड, सार्डिनिया, नायजर, कॅमेरून, अंटार्क्टिका, सामोआ, अलास्का आणि शेवटी उत्तर समुद्रातलं लांगेनेस हे सखल बेट. दालनांमधून तिथलं ऊन, गारठा, दमटपणा अंगाला लागतो, हे खरं वैशिष्ट्य.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे. कोपेन या हवामानशास्त्रज्ञाने पाडलेले पाच हवामान गट (ए ते ई) फळ्यावर लिहिले की मुलं 'बी'पाशी, म्हणजे कोरड्या हवामानापाशी, हमखास अडायची. बाकी चार गट तापमानावरून पाडलेले, 'बी' मात्र पाऊस आणि बाष्पीभवन यांच्या हिशेबावरून. हे शब्दांत समजावणं अवघड जातं. इथे ते दोन दालनांत उमगतं. नायजरमधलं कानाक म्हणजे ३५ अंशांच्या आसपासची उष्णता, वाळू, डोळे दिपवणारा उजेड. तरी घाम जाणवत नाही, कारण आला तसा उडून जातो. ओठ तेवढे सुकतात. पुढे कॅमेरूनमधलं इकेंगे, वर्षावनातलं गाव. अंधार, पाण्याचा आवाज, आणि थोड्याच वेळात ब्लाउज पाठीला चिकटला. नातीने विचारलं, "आजी, तिकडे जास्त गरम होतं ना, मग इथे का उकडतंय?" मे महिन्यातल्या सोलापूर आणि मुंबईचं उदाहरण मी वर्गात नेहमी द्यायचे, तेच तिला दिलं, पण या वेळी तिला ते आधीच कळलेलं होतं.

सार्डिनियाच्या दालनात आपण किड्याएवढे होऊन गवतात शिरतो. लहान मुलं इथून हलत नाहीत. मला स्वतःला अंटार्क्टिका ते सामोआ हा टप्पा सगळ्यात आवडला. शून्याखालच्या हवेतून, खऱ्या बर्फाजवळून उष्ण दमट बेटावर आलं की चष्म्याच्या काचा क्षणात धुरकटतात. सांद्रीभवनाचा, म्हणजे वाफेचं पाणी होण्याचा, याहून चांगला प्रयोग कुठल्याच प्रयोगशाळेत करता यायचा नाही. सामोआतलं ज्या गावाचं हे दालन आहे ते सातितोआ, क्लिमाहाउस उघडल्यानंतर काही महिन्यांतच, २९ सप्टेंबर २००९ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालं. हे माहीत असेल तर तिथे जरा जास्त वेळ थांबावंसं वाटतं. लांगेनेसलाही पाण्याचीच गोष्ट आहे: वादळी भरतीत सगळी कुरणं बुडतात, म्हणून घरं मातीच्या उंचवट्यांवर बांधलेली.

एक गोष्ट पालकांनी मुलांना आवर्जून सांगावी. ही वाट एकाच रेखावृत्ताची आहे, त्यामुळे जगातले सगळे हवामान प्रकार तिच्यावर येत नाहीत. सायबेरिया-कॅनडाची सूचिपर्णी अरण्यं नाहीत, आणि आपला भारतातला मोसमी पाऊसही नाही. घरी गेल्यावर नकाशा उघडून ती भर घालावी. आणि हो, कोपेन अनेक वर्षं इथून जवळच, हॅम्बुर्गच्या सागरी वेधशाळेत काम करत होता. भूखंडवहन, म्हणजे खंड हळूहळू सरकतात हा सिद्धांत, मांडणारा आल्फ्रेड वेगेनर त्याचा जावई, आणि ब्रेमरहाफेनची ध्रुवीय संशोधन संस्था याच वेगेनरच्या नावाची आहे. भूगोलवाल्यांना या गावात यायला हेही निमित्त पुरे.

जाड जाकीट अंगावर घेऊन फिरू नका, नायजरमध्ये जीव नकोसा होईल. एक शाल किंवा पातळ स्वेटर हाताशी ठेवा. चप्पल नको, बूट हवेत. माहिती जर्मन आणि इंग्रजीत आहे. चालणं बरंच होतं, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी घाई न करता अर्धा दिवस तरी धरावा, आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळून सकाळी उघडल्या उघडल्या आत जावं.