सीट खाली आणा, गाडी नको : कमी उंचीच्या चालकासाठी एक्सपल्स २०० फोर-व्ही

हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही ही मोटरसायकल कशी आहे, असं मला विचारणाऱ्यांत कमी उंचीच्या लोकांचाच भरणा जास्त असतो, आणि त्यात मुली बऱ्याच. इंजिन, मायलेज वगैरे नंतर. पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, पाय पोचतात का?"

माझी उंची ५ फूट २ इंच, वजन ५४ किलो. गाडीच्या सीटची उंची ८२५ मिलिमीटर. दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत, आणि कितीही सराव केला तरी टेकणार नाहीत. तरीही ही गाडी मी कामासाठी वापरते, आणि डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर जाणाऱ्या माणसानं तिचा विचार पहिल्यांदा करावा असं माझं ठाम मत आहे. फक्त घेतल्या घेतल्या ती कापून, वाकवून खाली आणायला जाऊ नका. हे परीक्षण मुख्यतः त्यासाठीच लिहिते आहे.

काम सांगते, म्हणजे रस्ते कळतील. मी भूजलावर काम करते. अकोले तालुक्यातले झरे आणि विहिरी मोजायच्या, पाण्याचे नमुने घ्यायचे, कुठला झरा उन्हाळ्यात टिकतो ते पाहायचं. राजूर सोडलं की भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर. दुसऱ्या अंगाला कुमशेत, पाचनई. गावापर्यंत डांबर असतं. झऱ्यापर्यंत कधीच नसतं. खडी, मग काळ्या दगडाच्या पायऱ्या, आणि पाऊस लागला की तांबडा चिखल. घाटघरला तर नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली चेरापुंजीच म्हणतात.

अशा वाटेवर या गाडीचे आकडे खरे ठरतात. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची. सस्पेन्शनची हालचाल पुढे १९० मिलिमीटर, मागे १७०. इंजिनाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. वजन १५८ किलो. गाडी आडवी झालीच तर ती एकटीनं उभी करता येते : पाठ सीटला लावायची, एक हात हँडलवर, दुसरा कॅरिअरला आणि जोर पायांचा. इंजिन १९९.६ सीसीचं, चार व्हॉल्व्हचं, १९.१ पीएस ताकदीचं, ऑइल-कूल्ड. पाच गिअर. पुणे-नाशिक रस्त्यावर ऐंशीच्या आसपास ती मजेत राहते, त्यापुढे इंजिनाची धडपड कळायला लागते. मला त्याचं काही वाटत नाही. महामार्गावर रोज शंभरनं जाणाऱ्याला वाटेल.

आता उंची. गाडी खाली आणायचे बाजारात मिळणारे उपाय म्हणजे मागच्या शॉकला खाली आणणारे सुटे भाग बसवणे आणि पुढचे फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या, क्लॅम्पमधून वर सरकवणे. माझ्या एका सहकाऱ्यानं शहरातल्या एका गॅरेजमधून गाडी अशी ४० मिलिमीटर खाली आणून घेतली. पाय टेकले, तो खूश. साम्रदच्या वाटेवर मात्र जिथे माझी गाडी सरळ पार व्हायची तिथे त्याचा इंजिनाखालचा पत्रा प्रत्येक पायरीवर घासायचा. दुसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही. गाडी खाली आली की साइड स्टँड लांब पडतो. गाडी पुरेशी कलत नाही, जवळजवळ उभीच राहते, आणि घाटघरच्या वाऱ्यात एका दुपारी ती उजवीकडे गेली. ब्रेकचा लिव्हर तुटला. म्हणजे आता स्टँड कापून वेल्ड करायचा. एका बदलामागून दुसरा लागतोच. ज्या २२० मिलिमीटरसाठी पैसे मोजले ते असे घालवायचे नसतात.

मी सीट बदलली. कंपनीची सीट पुढच्या बाजूला, जिथे मांड्या येतात तिथे, माझ्यासाठी रुंद आहे. सीट रुंद असली की पाय आधी बाहेर जातो आणि मग खाली, त्यामुळे टाचेला जमीन लांब पडते. संगमनेरला सीट शिवणारे एक चाचा आहेत. मी फोम वरून काढा म्हणत होते. त्यांनी मला गाडीवर बसवलं, खडूनं खुणा केल्या आणि म्हणाले, "ताई, वरून काढलं तर दोन तासांत हाडाला लागंल. बाजूनं काढू." वरून बोटभरच फोम गेला, बाकी सगळा दोन्ही कडांचा. वर नवं रेक्झिन, शिवणीच्या खाली प्लास्टिकचा थर, म्हणजे पावसात फोम पाणी पीत नाही. बाराशे रुपये झाले. आता एक पाय पूर्ण टेकतो, किंवा दोन्हींचे चवडे. सगळ्या बदलांत सर्वांत जास्त फरक ह्या बाराशे रुपयांनी पडला.

त्यानंतर सॅग, म्हणजे आपण बसल्यावर गाडी किती दबते ते. हा शब्द कठीण वाटतो, काम सोपं आहे. मागचं चाक हवेत असताना एक्सलपासून (चाकाच्या मधल्या दांड्यापासून) सरळ वर सीटखालच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंत टेपनं मोजायचं. मग बूट, हेल्मेट, पाठीवरची बॅग असं सगळं घालून गाडीवर बसायचं आणि दुसऱ्या कुणीतरी तेच अंतर परत मोजायचं. आमच्या घरी हे काम आईनं केलं, चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा खात्री करूनच आकडा सांगितला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅग. मातीत चालणाऱ्या गाडीला तो मागच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास असावा, म्हणजे इथे १७० पैकी साधारण ५० ते ५५ मिलिमीटर. माझ्या वजनाला तो जेमतेम ४० येत होता. मागच्या शॉकला प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, दहा पायऱ्या आहेत. प्रीलोड सैल केल्यावर सॅग पन्नाशीच्या जवळ आला. एक समजून घ्या : प्रीलोड सैल केल्यानं स्प्रिंग मऊ होत नाही, ती जेवढी कडक आहे तेवढीच राहते. गाडी फक्त योग्य ठिकाणी बसते. पण हलक्या माणसाची गाडी त्या ठिकाणी बसतच नसते, उंच राहून दगडांवर टणाटणा उडत असते. सॅग बरोबर केला की गाडी थोडी खाली येते आणि चाक जमिनीला धरून राहतं, दोन्ही गोष्टी फुकटात. शोरूममध्ये हे आपणहून कुणी करून देत नाही. गाडी ताब्यात घेतानाच मागून घ्या.

बाकी राहतं ते थांबण्याचं तंत्र. डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, कंबर थोडी डावीकडे सरकलेली. थांबायच्या आधी डावीकडे जमीन उंच कुठे आहे ते बघून ठेवायचं. चिखलात दोन्ही पायांनी रेटत जाणं आपल्याला जमणार नाही, म्हणून फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरला, थ्रॉटल एकसारखा ठेवून निघून जायचं. फूटपेग रुंद आहेत, उभं राहायला ही गाडी चांगलीच आहे. हँडल वर उचलणारे रायझर मात्र उंच माणसांसाठी. आपल्या उंचीला ते बसवले तर उभं राहिल्यावर खांदे वर येतात.

याच गाडीच्या प्रो मॉडेलबद्दलही विचारतात. त्यात पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर हालचाल आहे, जमिनीपासून अंतर २७०, पूर्ण ॲडजस्टेबल सस्पेन्शन. ज्यांना रॅली खेळायची आहे त्यांच्यासाठी कारखान्यातून तयार होऊन आलेली गाडी. पण सीट ८९१ मिलिमीटरवर. माझ्या उंचीच्या माणसानं रोजच्या कामाला ती घेऊ नये.

खर्च करण्यासारख्या वस्तू थोड्याच आहेत. एक म्हणजे आतून ॲल्युमिनियमची पट्टी असलेले, दोन्ही टोकांना बांधलेले हँडगार्ड. गाडी पडली की पहिला जातो तो लिव्हर, आणि वाडीवर लिव्हर मिळत नाही. शिवाय लिव्हरचे क्लॅम्प करकचून आवळू नका. हातानं जोर लावला तर फिरतील एवढेच आवळा, म्हणजे पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. दुसरी वस्तू मागचा रॅक आणि कापडी बॅगा. सायलेन्सर उजवीकडे वर आलेला आहे, त्यामुळे उजव्या बॅगेला आतून आधार देणारी पट्टी हवीच. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या मी डावीकडेच ठेवते. पत्र्याचे मोठे डबे या गाडीला लावू नयेत. अरुंद वाटेत ते झुडपात अडकतात, आणि गाडी पडली तर पाय डब्याखाली येतो.

मोठ्या खुटांचे टायर मी लावलेले नाहीत. ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते, आणि माझा निम्मा प्रवास डांबरावरच होतो. आणखी एक सांगावंसं वाटतं : हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. गाडी जाऊ शकते म्हणून सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर), गवतात घालू नका. पावसाळ्यात सड्यावरची माती बोटभर जाडीची असते आणि वर्षभराची फुलं त्यातच उगवतात. वाट जिथे संपते तिथे गाडी लावून चाला.

सायलेन्सर बदलायचा नाही, एवढंच त्याबद्दल. वाडीत म्हातारी माणसं असतात, गुरं बुजतात. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांना छेद जाईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे अधिक स्पष्ट केलं. कलम १८२-अ नुसार शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सीटचा फोम, बॅगा, हँडगार्ड यांत माझं काम भागतं.

देखभालीत माझा निम्मा वेळ चेनवर जातो आणि तो जायलाच हवा. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखल सांडत जातात. तो चिखल चेनमध्ये बसतो, वाळतो आणि कड्यांमधल्या रबरी ओ-रिंगा खातो. घरी आल्यावर चेन ओली असतानाच धुवायची, मऊ ब्रशनं, रॉकेल किंवा चेन क्लीनर वापरून. पेट्रोल नको, ओ-रिंगा खराब होतात. कोरडी पुसून मग ९० नंबरचं ऑइल, तेही आतल्या बाजूनं, आणि जास्तीचं फडक्यानं टिपून घ्यायचं.

चेनचा ताण ही दुसरी बाब. साध्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री चेन लोंबलेली दिसली की आवळतात. लांब हालचालीच्या सस्पेन्शनला ते चालत नाही. चाक वर जाताना पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात, त्या क्षणी चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. उभ्या गाडीला व्यवस्थित वाटणारी चेन तिथे तारेसारखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सगळा भार येतो. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मापाच्या सैल बाजूला ठेवायची, आणि सर्व्हिसिंग करून आणल्यावर घरी स्वतः तपासायची.

वॉशिंग सेंटरच्या जोरदार पाण्याचा फवारा चाकांच्या मध्यावर, हँडलच्या मुळाशी आणि चेनवर मारू देऊ नका. पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं. पाऊस संपला की, साधारण दिवाळीच्या आधी, मी स्विंगआर्म आणि हँडलचे बेअरिंग उघडून ग्रीस करून घेते. ऑइल कूलरच्या फटींतला चिखल जुन्या टूथब्रशनं काढते.

स्पोकची तपासणी पान्यानं. प्रत्येक स्पोकवर हलकेच टिचकी मारायची. घट्ट स्पोक टिण्ण वाजतो, सैल झालेला ठप्प. एखाद-दुसरा ठप्प वाजला तर लगेच जुन्या सायकल दुकानातल्या, रिमचा आउट (वाकडेपणा) काढणाऱ्या कारागिराकडे जायचं. असे लोक आता कमी उरलेत. सापडला तर नंबर जपून ठेवा.

स्पोकची चाकं म्हणजे ट्यूब आली. सोबत टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, पंप, पॅच आणि एकच जादा ट्यूब, २१ इंची. अडचणीत तीच मागच्या १८ इंची चाकात घडी न पडेल अशी बसवून हळूहळू घरी येता येतं. १८ ची पुढे बसवणं अवघड. आधी अंगणात चाक काढून बघा.

२०२५ साली आलेल्या एक्सपल्स २१० मॉडेलमध्ये २४.६ पीएस, सहा गिअर आणि रेडिएटर आहे, सीट ८३० मिलिमीटरवर. लांबचा महामार्ग रोजचा असेल तर ती बघा. माझ्या रस्त्यांवर दहा किलो कमी वजन मला जास्त कामाचं आहे.

जुनी २०० घेणार असाल तर चार गोष्टी खाली वाकून तपासा : साइड स्टँडवर वेल्डिंगची खूण आहे का, फोर्कच्या नळ्या वरच्या क्लॅम्पबाहेर आल्यात का, मागच्या शॉकजवळ वेगळ्या रंगाचे भाग आहेत का, आणि इंजिनाखालचा पत्रा किती चेपलाय. गाडी खाली आणलेली असेल तर विकणाऱ्याकडे मूळ भाग मागा. ते मिळत नसतील तर ते नव्यानं घ्यायचा खर्च किमतीतून कमी करून मगच सौदा करा.