चंद्रपूरचा कोळसा की आपल्या उसाचं बगॅस?

कोल्हापुरात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांची, म्हणजे बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) जाळून साखरेसोबतच केलेली वीज ग्रिडमध्ये जाऊ लागते. मग चंद्रपूरच्या कोळशाची गरज काय, असं गावाकडं हमखास विचारलं जातं.

तत्त्व दोन्हीकडं एकच: बॉयलर, वाफ, टर्बाइन, जनरेटर. फरक आकाराचा आणि सातत्याचा. चंद्रपूर औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. तिथला एकेक मोठा संच 500 मेगावॅटचा. आपल्या कारखान्यांचे प्रकल्प दहा-वीस-तीस मेगावॅटचे. शिवाय ऊस संपला की बगॅसही संपतं, आणि ऐन उन्हाळ्यात, विजेची मागणी चढते तेव्हा, बहुतेक कारखान्यांची धुराडी थंड असतात. कोळशाचं केंद्र तेव्हाही चालतं.

पण त्याची किंमत चंद्रपूरकर मोजतात. युनिटभर विजेला साधारण 600 ते 750 ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्या देशी कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. ती सिमेंटला, विटांना जाते, उरलेली राखेच्या तळ्यात. बगॅसची राख त्या मानानं फारच थोडी. आणि मला सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की कारखान्यात टर्बाइन फिरवून आलेली वाफ रस तापवायला, आटवायला वापरतात. औष्णिक केंद्रात तीच उष्णता बहुतांशी कूलिंग टॉवरमधून हवेत जाते; जळणातल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो.

म्हणून हंगामात बगॅसच्या विजेला पहिला मान द्यावा, असं माझं ठाम मत आहे. एप्रिल-मेच्या रात्री मात्र आजघडीला कोळशाशिवाय भागत नाही.