केनिलवर्थ की ॲबरडाउर: उत्खननातून वर आलेली बाग बघायची तर कुठली?

ब्रिटनमध्ये किल्ले पैशाला पासरी आहेत. पण किल्ल्याच्या जोडीला उत्खननाच्या आधारे परत उभी केलेली 16व्या शतकातली बागही बघायची असेल, तर दोन ठिकाणं डोळ्यांसमोर येतात. एक इंग्लंडमध्ये वॉरिकशरमधलं केनिलवर्थ आणि दुसरं स्कॉटलंडमध्ये फाइफच्या किनाऱ्यावरचं ॲबरडाउर. एका सुट्टीत दोन्ही जमणं अवघड, कारण मध्ये निम्मा देश आहे.

केनिलवर्थच्या बागेची गोष्ट जास्त रंगतदार आहे. 1575 च्या जुलैत पहिली एलिझाबेथ राणी इथे 19 दिवस मुक्कामाला होती. यजमान होता लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली. राणीशी लग्न करण्याची त्याची आस जगजाहीर होती आणि बागही तिच्यासाठीच सजवलेली. राणी शिकारीला गेल्याची संधी साधून रॉबर्ट लँगम नावाचा एक माणूस माळ्याच्या मेहेरबानीने आत शिरला आणि जे दिसलं ते त्याने एका पत्रात लिहून ठेवलं: 10 फूट उंच, 12 फूट रुंद असा फिरायचा चौथरा, पक्ष्यांचा भलामोठा पिंजरा, मधोमध संगमरवरी अष्टकोनी कारंजं. कारंज्याची चावी फिरवली की बघणारा चिंब व्हायचा, हेही त्याने नोंदवलंय.

पत्राचा सूर इतका टवाळ आहे की हे सगळं विडंबन तर नसेल, अशी शंका अभ्यासकांनी घेतली. ते पत्र खरंच लँगमने लिहिलं का, यावरही वाद आहे. इंग्लंडमधल्या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने 2004 ते 2006 या काळात तिथे खोदकाम केलं, तेव्हा कारंज्याचा अष्टकोनी पाया मिळाला. माणूस टवाळ असेल, पण कारंज्याच्या बाबतीत थापा मारत नव्हता! त्या आधारावर बाग नव्याने उभारून 2009 मध्ये खुली केली. मात्र एक ध्यानात ठेवा: पाया खरा, पण वरचं कारंजं, पिंजरा आणि ताटवे हे पत्रावरून आणि त्या काळाच्या माहितीवरून केलेलं नवं काम आहे.

ॲबरडाउरला असा थाट नाही. किल्ल्याचा सर्वांत जुना भाग 1200 च्या आसपासचा. दक्षिणेच्या उतारावर काटकोनात वळणारे चार रुंद टप्पे आहेत, दगडी धारभिंतींनी पेललेले, आपल्या कोकणातल्या मजग्यांसारखे. बागेचं नाव सहसा मॉर्टनचा चौथा अर्ल जेम्स डग्लस याच्याशी जोडलं जातं. 1572 ते 1578 तो स्कॉटलंडचा कारभारी होता आणि 1581 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्खनन झालं आणि नंतर टप्पे पूर्वीच्या आकारात आणले. वर बहुतेक हिरवळच. खाली मधमाश्यांच्या पोळ्याच्या घाटाचा दगडी कबुतरखाना आहे, आत भिंतभर खोपे. ही कबुतरं दाणे टाकून पुण्य कमवायला पाळलेली नव्हती, ती ताटात यायची.

मला स्वतःला ॲबरडाउर उजवं वाटतं. तिथे भिंतीच्या कडेने चालताना उताराला कशी शिस्त लावली, ऊन आणि समुद्र कसा हिशेबात धरला, हे न सांगता कळतं. केनिलवर्थला मात्र माहितीफलक वाचल्याशिवाय जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, याचा पत्ता लागत नाही.

पण बरोबर मुलं किंवा भारतातून आलेले आईवडील असतील तर सरळ केनिलवर्थ धरा. लाल वालुकाश्माचे भव्य भग्न महाल, फुलं, कारंजं, आणि शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्डही जवळच. बाग बघायची तर उन्हाळ्यातच जा, फुलं नसली की अर्धी मजा जाते. वॉरिक विद्यापीठात शिकणाऱ्यांना तर ते अंगणातच आहे. स्टेशनवरून किल्ल्यापर्यंत बरंच चालावं लागतं, गुडघे दुखत असतील तर गाडीच बरी.

ॲबरडाउरला उलट आहे. एडिंबराहून निघालेली लोकल फोर्थच्या खाडीवरचा 1890 चा पोलादी पूल ओलांडते आणि किल्ल्याला लागूनच असलेल्या स्टेशनात सोडते. एडिंबरात मुक्काम असेल तर अर्ध्या दिवसात बघून परत येता येतं. हिवाळ्यात निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा तेवढ्या पाहून घ्या.