पायांवरची सूज आणि कोड सुचवणारी प्रणाली : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी पुण्यात राहून अमेरिकेतल्या बाह्यरुग्ण दवाखान्यांचे चार्ट कोड करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना आणि लक्षणांना विम्यासाठी लागणारे ठरावीक कोड लावते. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे डॉक्टरांचे टिपण वाचून निदानाचे कोड आपणहून सुचवणारी एक संगणकप्रणाली आली. तिचे नाव देण्याचे येथे कारण नाही. तिने सुचवलेला कोड पडद्याच्या उजव्या कडेला दिसतो आणि तो स्वीकारायचा, बदलायचा की काढून टाकायचा हे कोडरने ठरवायचे असते. मी फक्त घोट्यावरच्या आणि पायांवरच्या सुजेपुरता अनुभव लिहिते आहे, कारण ही तक्रार माझ्या चार्टांमध्ये रोज येते आणि प्रणालीचे बरेवाईट गुण तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसतात.

मराठीत आपण ‘पाय सुजलेत’ म्हणतो आणि तेवढे पुरते. आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निदानांच्या कोडांच्या वर्गीकरणात, मात्र डॉक्टरांनी कोणता शब्द लिहिला आहे त्यावर वाट फुटते. ‘लेग एडिमा’ (एडिमा म्हणजे ऊतींत पाणी साचून आलेली सूज) लिहिले असेल तर कोडांच्या पुस्तकाची अनुक्रमणिका आर६०.० या स्थानिक एडिमाच्या कोडकडे नेते. ‘लेग स्वेलिंग’ लिहिले तर ती एम७९.८९ या मऊ ऊतींच्या इतर विकारांच्या कोडकडे जाते, आणि ‘अँकल स्वेलिंग’ शोधले तर थेट सांध्यात पाणी होण्याकडे, म्हणजे एम२५.४७ च्या गटाकडे. एका जागी गाठीसारखा फुगवटा असेल तर आर२२.४ चा गट वेगळाच. प्रणालीने पहिले दोन महिने या चारही वाटा आर६०.० मध्येच आणून सोडल्या. आम्ही वारंवार दुरुस्त्या नोंदवल्यावर तिसऱ्या महिन्यापासून शब्दांमधला फरक तिला बऱ्यापैकी कळू लागला, हे मान्य केले पाहिजे. तरीही मूल्यमापनाच्या ओळीत डॉक्टरांनी नुसते ‘एडिमा’ लिहिले, की ती आजही आर६०.९ हा अनिर्दिष्ट कोड देते, जरी त्याच टिपणात चार ओळी वर दोन्ही नडग्यांवर अंगठा दाबल्यावर खळगा राहतो असे स्वच्छ लिहिलेले असले तरी.

डाव्या-उजव्याचा गोंधळ प्रणालीपेक्षा वर्गीकरणाचाच अधिक आहे. आर६०.० मध्ये बाजू सांगण्याची सोयच नाही. एम२५.४७१ म्हणजे उजवा घोटा, एम२५.४७२ म्हणजे डावा, पण दोन्हींसाठी एकत्र कोड नाही, त्यामुळे दोन्ही लिहावे लागतात. आर२२.४३ मात्र दोन्ही पायांसाठी आहे. प्रणाली दोन्ही घोट्यांसाठी एम२५.४७३ सुचवत असे, आणि तो तर कोणता घोटा ते माहीत नसतानाचा कोड. नव्या कोडरांनी ही जागा विशेष जपावी. ‘अनिर्दिष्ट’ आणि ‘दोन्ही’ यांची गल्लत विम्याचा क्लेम नाकारला जाण्यास पुरेशी असते.

माझी सर्वांत गंभीर तक्रार पाचव्या महिन्यातली आहे. एका बाईंची उजवी पोटरी सुजली होती, दुखत होती, आणि त्या नुकत्याच लांबचा विमानप्रवास करून आल्या होत्या. डॉक्टरांनी लिहिले होते, ‘उजव्या पायावर सूज, डीव्हीटी नाही ना हे पाहायचे’ (डीव्हीटी म्हणजे खोल शिरेतली गुठळी), आणि शिरांतला रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर तपासणी सांगितली होती. प्रणालीने आय८२.४०१ सुचवला, म्हणजे उजव्या पायाच्या खोल शिरेत रक्ताची तीव्र गुठळी आहे असे ठाम निदान. बाह्यरुग्ण विभागासाठीचा नियम निःसंदिग्ध आहे. संशय, शक्यता, ‘नाही ना ते पाहायचे’ अशा शब्दांत मांडलेले निदान कोड करायचे नसते आणि त्या भेटीत जे लक्षण निश्चित आहे तेच लिहायचे असते. आंतररुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयासाठी नियम उलटा आहे, आणि तेथे निघताना राहिलेला संशय निदान असल्यासारखा धरला जातो. प्रणालीने बहुधा हे दोन नियम एकत्र केले असावेत. मी तो कोड काढून सुजेचा आणि पायदुखीचा असे दोन लक्षणकोड लावले. दुसऱ्या दिवशीच्या चार्टात डॉप्लरचा अहवाल आला आणि गुठळी नव्हती. तो कोड तसाच गेला असता तर त्या बाईंना कधीच न झालेला आजार त्यांच्या विम्याच्या नोंदीत बसला असता, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरने त्यांना रक्त पातळ करण्याची औषधे घेतली का असे विचारले असते. हजारो मैलांवरच्या त्या अनोळखी बाईंची मला त्या दिवशी मनापासून काळजी वाटली. तेव्हापासून आय८२ ने सुरू होणारी एकही सूचना मी संपूर्ण टिपण वाचल्याशिवाय स्वीकारत नाही.

दुसरा प्रसंग औषधाचा. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्या एका गृहस्थांचा डोस ५ वरून १० मिलिग्रॅम केला होता, आणि तीन आठवड्यांत संध्याकाळी मोज्यांचे वळ घोट्यांवर खोल उमटू लागले. हे औषध धमन्यांच्या बारीक शाखा सैल करते, शिरांकडची बाजू त्या प्रमाणात सैल होत नाही, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपते आणि डोस वाढला की सूजही वाढते. डॉक्टरांनी ‘अॅम्लोडिपिनमुळे दोन्ही पायांना एडिमा’ असे कारणासह लिहिले होते. येथे आधी आर६०.०, मग टी४६.१एक्स५ए हा कॅल्शियम रोखणाऱ्या औषधांच्या दुष्परिणामाचा कोड, आणि रक्तदाबाचा आय१० असा संच हवा. प्रणालीने आर६०.० आणि आय१० दिले आणि मधला दुवा गाळला. हा दुवा नसेल तर पुढे डोस कमी केला तरी तो का केला हे नोंदीवरून कोणालाच कळणार नाही. आठ महिन्यांत असे चार्ट माझ्याकडे पुन्हा पुन्हा आले आणि प्रत्येक वेळी टी४६ मला हातानेच लावावा लागला.

आता तिचे गुण सांगते, कारण ते खरे आहेत. एकमेकांसोबत चालत नाहीत अशा कोडांवर ती तत्काळ लाल खूण करते. गरोदरपणातल्या सुजेला आर६० चालत नाही, तेथे ओ१२.० च्या गटातला, तिमाही सांगणारा कोड लागतो, आणि ही चूक तिने एकदाही होऊ दिलेली नाही. हृदय निकामी होण्याचे निदान निश्चित असेल तर पायांवरची सूज त्या आजाराचाच भाग असते आणि तिला निराळा कोड द्यायचा नसतो. अशा वेळी प्रणाली आर६०.० स्वतःहून फिकट करते, आणि सोबत उच्च रक्तदाब असेल तर आय१० बाजूला सारून आय११.० हा रक्तदाब आणि निकामी हृदय यांचा एकत्र कोड आधी मांडते. शिरांच्या फुगवट्यामुळे सूज असल्यास आय८३.८९ च्या गटात बाजूसह नेमकी पोहोचते. दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होणारे बदलही तिच्यात वेळेवर आले.

लसीकाप्रवाह अडल्याने येणाऱ्या सुजेबद्दल थोडेसेच लिहिण्यासारखे आहे. माझे आजोळ विदर्भातले, त्यामुळे ‘एलिफंटियासिस’ हा शब्द दिसला की माझ्या डोळ्यांसमोर गावाकडचा हत्तीपाय आणि त्यामागचा डासांतून पसरणारा जंतच येतो. अमेरिकेतल्या चार्टांत हा शब्द बहुधा जुनाट लिम्फएडिमासाठी, म्हणजे लसीका अडून आलेल्या सुजेसाठी, आलेला असतो आणि तेथे आय८९.० योग्य ठरतो. बी७४.० हा हत्तीरोगाच्या जंताचा कोड डॉक्टरांनी तसे निदान केले असेल तरच द्यायचा. येथे प्रणाली माझ्यापेक्षा सावध निघाली.

सध्या माझी पद्धत अशी आहे. सूचना झाकून ठेवण्याची सोय प्रणालीत आहे, ती सुरू ठेवून मी आधी टिपण पूर्ण वाचते, छापील पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून कोड काढते, तो मुख्य यादीत पडताळते आणि मग सूचना उघडते. ‘अँकल स्वेलिंग’ लिहिले असून तपासणीत सांध्याचा उल्लेखच नसेल, तर मी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, पाठवते, कारण अनुक्रमणिका तेथे सांध्याकडे नेत असली तरी डॉक्टरांच्या मनात कातडीखालची सूज असू शकते. यात प्रत्येक चार्टाला थोडा वेळ जास्त जातो, आणि माझ्या टीम लीडने तो मान्य केला आहे. प्रमाणपत्र नुकतेच मिळवलेल्यांना मी पहिले सहा महिने ही प्रणाली देणार नाही. ज्यांना नियम पाठ आहेत त्यांच्यासाठी ती उत्तम दुसरी नजर आहे. औषधांच्या दुष्परिणामाचा दुवा जोडण्याची विनंती आम्ही लेखी पाठवली आहे. गेल्या आठवड्यात अॅम्लोडिपिनचा आणखी एक चार्ट आला, तेव्हाही टी४६ मीच लावला.